तळ्याकाठचा पडाव

त्या वर्षी चैत्रात माझा देवीवरचा विश्वास जवळजवळ उडाला होता. तोंडानं नाव चालू होतं, देवापुढं दिवा लागत होता, शुक्रवारचा उपासही मोडला नव्हता, पण आत सगळं कोरडं पडलं होतं. माझ्या नवऱ्याला क्षय झाला होता. वाशिमच्या बाहेर आमचा भाजीपाल्याचा मळा. ज्या माणसानं उजाडायच्या आधीपासून मोट हाकायची, तो गोठ्याशेजारच्या खोलीत खाटेवर पडून असायचा. त्यांचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. आमची मुलगी नुकती रांगायला लागली होती. तिला त्या उंबऱ्याकडे फिरकू द्यायचं नाही अशी सासूबाईंची ताकीद होती, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. मी आत जायची ती ताट ठेवायला आणि थुंकीचं भांडं उचलायला. वडीलधाऱ्यांच्या देखत नवऱ्याशी बोलायची तेव्हा रीत नव्हती. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण आम्ही दोघं कधी निवांत बसून बोललो, असं काही मला आठवत नव्हतं. आणि आता त्यालाही उशीर झाला, असंच मी धरून चालले होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा सासूबाईंनी पोहरादेवीच्या जगदंबेला नवस बोलला, की लेकाला तुझ्या पायावर आणून घालते, पुढचं तू बघ. रामनवमीची यात्रा तोंडावर आली होती. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दमणी बाहेर काढली. दमणी म्हणजे वरून छप्पर असलेली बैलगाडी. मामाजींनी तिच्यात कडब्याचा जाड थर अंथरला, वर गोधड्या टाकल्या, दोन्ही बाजूंना बांबूच्या तट्ट्या बांधल्या, मागं गोणपाटाचा पडदा सोडला. पाण्याची घागर, पिठाची पिशवी, तवा, कंदील, सगळं जागच्या जागी अडकवलं. चुलीचे तीन दगडसुद्धा त्यांनी बरोबर घेतले. एरवी आम्हा बायकांची कामं. पण त्या दिवशी ते कोणाला हात लावू देत नव्हते. सासूबाई मुलीजवळ घरी राहिल्या. गाडी हलली तेव्हा त्यांनी नातीला उचलून दारात उभं केलं, आणि ह्यांनी पडदा बाजूला करून, दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे बघून घेतलं.

अनसिंग मागं पडल्यावर ह्यांचा खोकला वाढला. हादऱ्यानं जीव कासावीस व्हायचा. ऊन उतरायच्या सुमाराला आम्ही एका तळ्यावर पोचलो. तळ्याच्या काठाला सरकारी पडाव होता. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी सोडायचं, स्वयंपाक करायचा, गुरं पाजायची, यासाठी राखलेलं मोकळं मैदान. चिंचेची मोठमोठी झाडं, एक विहीर, आणि राखण करणारा एक म्हातारा. यात्रेच्या दिवसांमुळं पडाव गाड्यांनी भरला होता. आम्ही एका चिंचेखाली गाडी सोडली. थोड्याच वेळात ह्यांचा खोकला शेजाऱ्यांनी ऐकला. आमच्या अलीकडची गाडी हळूच हलवून लांब नेली, मग पलीकडची. त्यांच्याही गाडीत लेकरं होती. मला राग आला नाही. फक्त फार एकटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहिलं तर बैल नव्हते. दावी तुटलेली. मामाजी चारी दिशांना हिंडून आले. पडावातल्या गाडीवाल्यांना त्यांनी विनवण्या केल्या, की कोणीतरी आपली जोडी जुंपा, नाहीतर पोराला तुमच्या गाडीत घ्या. एकही तयार झाला नाही. सगळ्यांना रामनवमीच्या आत देवीला पोचायचं होतं. एकेक करून गाड्या निघून गेल्या, आणि आमची दमणी रिकामं जू टेकणीवर ठेवून तशीच उभी राहिली. मामाजी परत बैल शोधायला निघाले. जाताना नुसते एवढं म्हणाले, "देवीच्या मनात काय हाय, थे तिलेच ठाव."

मी घागर घेऊन तळ्यावर गेले. चैत्रामुळं पाणी आत सरलं होतं. काठाचा चिखल वाळून भेगाळला होता. तिथं उभी राहून मी देवीला मनातल्या मनात नको नको ते बोलले. तुझ्याकडे येणाऱ्याचे बैल तूच पळवतेस? त्याला मारायचंच असेल तर घरी मार. असा उघड्यावर, परक्या मुलखात काय म्हणून? त्या वेळी माझ्या मनात भक्तीचा लवलेशही नव्हता. ते आज लिहितानाही मी झाकत नाही.

पडावात आमच्याखेरीज एकच गाडी उरली होती. ती एका मुसलमान जोडप्याची, बांगड्या विकणाऱ्यांची. यात्रेत दुकान मांडायला निघाले होते, पण गाडीच्या चाकाची लोखंडी धाव निघाली म्हणून अडकले होते. बाई पन्नाशीची असेल. मी तिला चाची म्हणू लागले. तिनंच पहिल्यांदा येऊन विचारलं, "चूल पेटली नाई तुही, बेटी?" मी मानेनंच नाही म्हटलं. ती परत गेली आणि आपल्या बकरीचं दूध काढून घेऊन आली. मी तिला सांगितलं, आमच्या माणसाला क्षय आहे, तुम्ही जवळ येऊ नका. ती म्हणाली, "डर तं लागते. पण म्हणून दूध नासवू का?" आणि तिनं खाली बसून माझी चूल पेटवून दिली. तिचा नवरा मामाजींबरोबर बैल शोधायला जाऊ लागला. चाकाचं काम झालं तरी ते दोघं निघाले नाहीत. का थांबलात, असं मी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

असे काही दिवस गेले. मामाजी उजाडताच निघायचे ते दिवेलागणीला रिकाम्या हातानं परतायचे. दिवसभर दमणीत आम्ही दोघंच. मी पुढची तट्टी सोडून ठेवायची, म्हणजे त्यांना पडल्या पडल्या तळं दिसायचं. पहिल्या दिवशी मी पाठ फिरवून रडत बसले होते. ते म्हणाले, "काहून रडून राह्यली? बैल गेले तं जाऊ दे. मले इथं बरं वाटून राह्यलं." मी चमकून वळले. त्यांनी आपण होऊन माझ्याशी बोलावं, हेच मला नवीन होतं. गाडी हलत नव्हती म्हणून खोकलाही जरा बसला होता. बकरीचं दूध पोटात टिकत होतं.

मग ते बोलत राहिले. थांबून थांबून, दम घेत. माझ्या माहेरी मेडशीला आमचं घर कुठल्या गल्लीत होतं, लहानपणी मी काय खेळायची, लग्नात मला कोणी रडवलं, असलं काहीबाही विचारलं. इतक्या वर्षांत हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मलाही त्यांच्याबद्दल काही माहीत नव्हतं. त्यांना पोहता येत होतं. लहानपणी वडिलांचा मार चुकवून ते विहिरीत उड्या मारायचे. त्यांना वांग्याची भाजी मुळीच आवडत नव्हती, आणि वांग्याचा मळा असलेल्या घरात ते कधी बोलून दाखवायची सोय नव्हती. हे सांगताना ते हसले. मीही हसले. पाण्यावर पाणकोंबड्या फिरत होत्या. त्यांची पिल्लं मोजायचा ते प्रयत्न करायचे आणि दर वेळी चुकायचे.

एकदा म्हणाले, "सकायी जात्यावर गातेस थे मी भिंतीआडून आयकत असतो. एखांदं म्हण ना." मी लाजले. जात्याशिवाय मला गाणं कधी आलंच नव्हतं. पण म्हटलं. भर दिवसा, नवऱ्याच्या तोंडाकडे बघून. एका ओळीवर अडखळून थांबले, आणि ते तसेच डोळे मिटून पुढच्या ओळीची वाट बघत राहिले, म्हणून पुन्हा सुरू केलं.

मुलीबद्दल ते फक्त एकदाच बोलले. "पोट्टीले शाळेत घालजो. अन् तिले माह्याजवळ येऊ देलं नाई, म्हणून आईवर राग धरू नोको." मी हो म्हटलं. घरच्या त्या खोलीत हे शब्द त्यांना माझ्याजवळ कधी बोलता आले असते?

मग एका संध्याकाळी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. एक बंजारा गृहस्थ आमची जोडी घेऊन येत होता. त्याच्या तांड्याच्या गाड्या पोहरादेवीला निघाल्या होत्या. आमचे बैल त्यांच्या गुरांत मिसळून बरेच लांब गेले होते. वाटेत कोणीतरी सांगितलं, की एक म्हातारा तळ्यावर बैलांसाठी हिंडतो आहे, म्हणून तो आपला रस्ता सोडून उलटा चालत आला होता. मामाजींनी त्याचे पायच धरले. त्यानं त्यांना उठवलं, गाडीत डोकावून पाहिलं, आणि आजाऱ्याचा चेहरा पाहून त्याला काय ते कळलं असावं. त्यानं विचारलं, देवीला निघाला होतात का? हे म्हणाले, हो. तो म्हणाला, "मी उद्या पोचतो. तुमच्या नावानं डोकं टेकवतो."

ह्यांनी उशीवरूनच हात जोडले. त्याला त्यांनी आपलं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं. मग जरा थांबून माझंही नाव सांगितलं. त्यांच्या तोंडून माझं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. बंजाऱ्यानं ती तिन्ही नावं एकदा म्हणून दाखवली, पाणी प्याला, आणि आल्या वाटेनं निघून गेला. त्याचं नाव विचारायचं मात्र आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही.

सकाळी निघायचं ठरलं. मामाजींनी आखाला वंगण घातलं, घागर भरून बांधली. तळ्यावर कोवळं ऊन नुकतं पडू लागलं होतं. मी दूध घेऊन पडदा उघडला, तर ह्यांचे डोळे पाण्याकडे लागले होते आणि श्वास अगदी बारीक चालला होता. मी मामाजींना हाक मारली. ते हातातलं जू टाकून धावत आले आणि लेकाचं डोकं मांडीवर घेतलं. काही त्रास झाला नाही. खोकलाही आला नाही. श्वास लांबत लांबत गेला, आणि मग पुढचा आला नाही. मामाजी म्हणाले, "माह्यासाठी थांबला होता."

पडावाचा राखणदार, चाचीचा नवरा आणि जवळच्या वस्तीतली चार माणसं मिळून लाकडं आणली. तळ्याच्या पलीकडच्या अंगाला त्यांना अग्नी दिला. वस्तीवरची एक म्हातारी माझ्याजवळ आली. रीतीप्रमाणं तिच्या हातात दगड होता. मी दोन्ही हात पुढं केले. तेवढ्यात चाची मधे आली. "दगड ठेवून दे बाई," ती म्हणाली, "पोरीच्या हाताले काच लागन. बांगड्या मी काढते." म्हातारी दगड खाली ठेवून बाजूला झाली. चाचीनं मला पाण्याकाठी बसवलं, माझा हात आपल्या मांडीवर घेतला, ओला केला, अंगठ्याची बाजू दाबून धरली, आणि एकेक बांगडी उतरवत गेली. जन्मभर बायकांच्या हातात बांगड्या भरणारी ती बाई. एकही बांगडी तडकली नाही. सगळ्या माझ्या ओंजळीत ठेवून ती म्हणाली, "तूच सोड." मी त्या तळ्यात सोडल्या. मग तिनं मला पोटाशी धरलं, आणि तेव्हा मी रडले.

सुतकात देवीला जाणं नव्हतं. गाडी घराकडे वळली. मामाजी सबंध वाटेत गाडीवर बसले नाहीत, बैलांच्या पुढं पायीच चालले. घरी जे झालं ते लिहीत नाही. सासूबाई कित्येक दिवस अन्नाला शिवल्या नाहीत. पुढं एकदा भाजी निवडताना त्या हळूच म्हणाल्या, "देवीनं आपल्याले पोचूच देलं नाई ना व?" मी त्यांना बंजाऱ्याची हकीकत सांगितली. मग बाकीचंही सांगितलं. तळ्याचं, पाणकोंबड्यांचं, वांग्याच्या भाजीचंसुद्धा. त्या ऐकत राहिल्या. वांग्याचं ऐकून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्या म्हणाल्या, "मले कधी बोलला नाई." त्यानंतर त्यांनी देवीला दोष दिल्याचं मी ऐकलं नाही.

मलाही हे एकदम कळलं नाही. कित्येक वर्षं मी त्या दिवसांकडे नुसतं दुःख म्हणूनच बघत होते. मुलगी शाळेत जाऊ लागली, आपल्या पाटीवर मलाही अक्षरं गिरवायला लावू लागली, तशी कधीतरी ध्यानात येत गेलं, की माझा सगळा संसार म्हणावा असा त्या पडावावरच झाला. बैल सुटले नसते तर आम्ही हादरे खात यात्रेच्या गर्दीत शिरलो असतो, आणि एक शब्दही न बोलता ते गेले असते. दावी कशी तुटली, त्याची चर्चा मी कधी केली नाही. जुनी होती, तुटली असेल. मी जे मागत होते ते मला मिळालं नाही. जे मिळालं, ते मागायचं मला सुचलंही नसतं.

मुलीचं लग्न झाल्यावर मी पहिल्यांदा पोहरादेवीला गेले. रांगेत उभी असताना वाटत होतं, एवढ्या वर्षांचं साचलेलं पुष्कळ बोलायचं आहे. पण पुढं गेले, आईचं मुख पाहिलं, आणि बोलण्यासारखं काही उरलंच नाही. मागून लोक ढकलत होते. मी पायरीवर डोकं टेकवलं. बंजाऱ्यानं म्हणून दाखवली होती, तीच तिन्ही नावं घेतली आणि बाहेर आले. तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवा लावते. हात जोडते. मागत काही नाही. तिनं जिथं गाडी सोडायला लावली, तिथं उतरायचं, एवढंच आता कळतं.