न बघता ओढलेली रेघ

ईशान, रेवा,

तुमच्या बाबाने रविवारी फोनवर सांगितले, की येत्या शनिवारी ईशानच्या शाळेत फुटबॉलच्या संघाची निवड आहे. ईशान नीट जेवतो आहे, नीट झोपतो आहे. अन्न जात नाही ते तुमच्या बाबाला. म्हणून आमच्या खालच्या मजल्यावर पूर्वी राहत असलेल्या गृहस्थांविषयी आजच लिहायला बसले. शनिवारच्या आत हे बाबाला वाचून दाखवा.

बघून काम करणारी माणसे जगात पुष्कळ असतात. न बघता जग चालवणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो आमच्या कारेलीबागेतल्या सोसायटीत, बरोबर माझ्या स्वयंपाकघराच्या खाली राहत होता. ते रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात होते. स्टेशनांवरून फोन यायचे, अमकी गाडी आली, तमकी सुटली, आणि हे एका बंद खोलीत बसून ठरवायचे की कोणाला थांबवायचे आणि कोणाला पुढे सोडायचे. पूर्वी त्यासाठी मोठा चौकटींचा कागद असे. त्यावर आडवी वेळ, उभी स्टेशने आणि प्रत्येक गाडीची एक रेघ. आता त्या रेघा कॉम्प्युटर काढतो, पण हे पेन्सिलीवर तयार झालेले. हजारो गाड्या त्यांनी सुखरूप पोचवल्या आणि त्यातली एकही डोळ्यांनी पाहिली नाही. पाहायची इच्छाही नव्हती. एकदा माझ्या बहिणीला आणायला ते माझ्याबरोबर स्टेशनवर आले. त्यांनीच सकाळी मार्गी लावलेली गाडी समोर येऊन उभी राहिली, तरी यांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. मी म्हटले, "अहो, तुमची गाडी." तर म्हणाले, "आता ती स्टेशनमास्तरांची, काकू."

त्यांचे हे शास्त्र ऑफिसात संपत नसे. दांडिया बाजारात त्यांच्या पुतण्याच्या लग्नाला एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन वराती आल्या. दोन्ही बँड अडून बसले, दोन्ही घोडे बिथरले, वडीलधारी मंडळी तावातावाने बोलू लागली. हे हॉलच्या आत खुर्चीवर बसले होते. त्यांनी दोन भाच्यांना दोन टोकांना उभे करून फोन लावला, दुसऱ्यांची वरात देवळापाशी सात मिनिटे उभी केली, आपली डाव्या अंगाने काढली आणि मग कोशिंबीर वाढायला उठले. नवरदेव वेळेवर बोहल्यावर चढला. वरात कशी होती असे विचारले तेव्हा म्हणाले, "राइट टाइम." त्यांच्या मुलीला, आमच्या चिमीला, ट्यूशनला जाताना तीन ठिकाणांहून मिस्ड कॉल द्यावा लागे. ती एकदा जिन्यात उभी राहून म्हणाली, "बाबा, मी मालगाडी नाही." ते शांतपणे म्हणाले, "म्हणून तर तुला कुठे थांबवत नाही."

ही चिमी खो-खो खेळत असे. शाळेच्या संघात यावे हे तिचे एकच मागणे होते, आणि सातवीत व आठवीत ती दोन्ही वेळा निवडीत गळली होती. नववीचे वर्ष शेवटचे. दहावी आली की खेळ बंद, असे घरात ठरले होते, आणि ते तिनेही मान्य केले होते. फक्त रोज संध्याकाळी ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरींच्या मधून नागमोडी पळत असे. तिच्या पायांचा आवाज बंद झाला, की खाली तिची आई आणि वर मी, दोघी खिडकीशी येत असू.

निवडीच्या दिवशी शाळेच्या मैदानावर आईबापांची काय दशा होते, ते मी त्या वर्षी पाहिले. सकाळी साडेसातला एक कापडवाले शेठ शेव-उसळीची दुसरी प्लेट संपवत होते आणि आपल्याला भूक नाही असे सर्वांना सांगत होते. एक बाई आपल्या मुलीच्या बुटाची नाडी चौथ्यांदा बांधत होत्या. एक डॉक्टर दुसऱ्याच मुलीला आपली समजून ओरडून सूचना देत होते. आणि आमचे गृहस्थ मैदानाबाहेर, सायकल स्टँडच्या बाकावर, मैदानाकडे पाठ करून बसले होते. मांडीवर पाट, पाटावर चौकटींचा कागद, हातात टोक केलेली पेन्सिल. खो-खोत दोन खांबांच्या मध्ये आठ खेळाडू बसतात. त्यांच्या दृष्टीने ती आठ स्टेशने होती. मैदानावरून एरवी बायको फोनवर सांगत असे आणि ते चिमीची रेघ काढत. दोन वर्षांत बाकीचे पालकही हळूहळू त्या बाकाकडे सरकले होते, कारण मैदानापेक्षा कागद पाहणे पुष्कळ सोपे होते. शेठ मधूनच गुजरातीत विचारत, "साहेब, मारी दीकरी क्यां पहोंची?" म्हणजे माझी मुलगी कुठवर पोचली. त्यांच्या मुलीसाठी साहेबांनी हिरवी पेन्सिल ठेवली होती. स्वतःची मुले समोर पळत असताना सात आईबाप त्यांच्याकडे पाठ करून एका कागदाभोवती उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

त्या वर्षी बायकोला तिच्या स्वतःच्या शाळेत परीक्षेची ड्यूटी होती. म्हणून ते माझ्याकडे आले. "काकू, तुमचं सगळं टापटिपीचं असतं. तुम्हीच सांगा." मग माझे दहा मिनिटांचे शिक्षण झाले. कितवी जागा, कुठल्या अंगाला, आत की बाद, एवढेच बोलायचे. "आमच्या हिला सवय आहे 'अगं बाई' म्हणायची. 'अगं बाई' म्हणजे कितवी जागा? आणि 'अरेरे' तर अजिबात नको."

मी चाळीस वर्षे वर्गात इंग्रजी व्याकरण शिकवले आहे; मी सुरुवात उत्तम केली. "चिमी आत. तिसरी जागा, डावं अंग. पाचवी, उजवं." पलीकडून फक्त "हां" येत असे. पळणाऱ्या तिघींपैकी एक बाद झाली, मग दुसरी. आता चिमी एकटी राहिली आणि मागे शाळेतली सर्वांत वेगवान मुलगी लागली. चिमी खांबाला वळसा घालून आत शिरली, वाकली, बसलेल्या मुलींच्या मधून अशी निसटली, की पाठलाग करणारीचा हात हवेतच राहिला. पुन्हा खो, पुन्हा नवी मुलगी मागे. चिमीचा एक पाय घसरला, आणि ती तशीच घसरत वळली. बाळांनो, ही आपल्या जिन्यात लिमलेटच्या गोळ्या मागणारी मुलगी. मी तोंड उघडे ठेवून पाहतच राहिले. फोनमधून एकदा "बोला, काकू" आले. मी बोलले नाही. पुन्हा आवाज आला नाही.

सरांची शिट्टी झाली. ती बाद झालीच नव्हती. हातातल्या फोनकडे पाहिले तेव्हा कळले, की मी तीन मिनिटांहून जास्त वेळ एक शब्दही उच्चारलेला नाही.

या वयात जमेल तेवढी घाई करत मी सायकल स्टँडकडे गेले. सगळे पालक कागदावर वाकले होते. मधोमध बसून साहेब रेघ ओढत होते. मी गप्प झाले तिथपासून एक सरळ, अखंड रेघ, मिनिटामिनिटाने पुढे चाललेली. मी म्हटले, "माफ करा, मी काहीच सांगितलं नाही. तुम्ही काढलंत कशावरून?"

"बाद झाली असती तर तुम्ही 'अरेरे' म्हणाला असता," ते म्हणाले. "दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी कुणालाच दिसत नाही, काकू. ती चाललीये असं धरून रेघ ओढायची."

आवाज नेहमीसारखाच होता. पण पेन्सिल दोन ठिकाणी कागदातून आरपार गेली होती.

सरांनी बारा नावे वाचली. अकरावे चिमीचे होते. शेठची मुलगी चौथी आली आणि शेठ बाकावर बसून रडले. साहेबांनी कागदाच्या कडेला वेळ लिहिली. चिमी गुडघ्यापर्यंत मातीने माखून धावत आली. "बाबा, बघितलंत?" ते "हो" म्हणाले आणि कागद तिच्यासमोर धरला. तिने त्यावर वाकून पाहिले. मला वाटले, आता ही रागावणार. ती म्हणाली, "इथे मी सरळ नव्हते हो पळत." आणि त्यांच्या हातातली पेन्सिल घेऊन, उभ्याउभ्याच, तिने त्या सरळ रेघेवर आपली वळणे काढून दाखवली. इथे खांब, इथे घसरले, इथून आत. ते प्रत्येक वळणाला "हां" म्हणत होते. त्या वेळी मात्र ते कागदाकडे पाहत नव्हते, तिच्या तोंडाकडे पाहत होते.

मागच्या वर्षी त्यांची बदली झाली. चिमी शिकायला हॉस्टेलवर आहे. खालच्या घरात आता एक तरुण जोडपे राहते, पार्किंगमध्ये संध्याकाळी कोणी पळत नाही. सामान हलवताना ते वर आले आणि तो कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "रिपोर्ट तुमचा होता, तुम्हीच ठेवा." मी तो कपाटात सपाट ठेवला आहे. खाली त्यांची सरळ रेघ आणि तिच्यावरून गेलेली चिमीची वाकडी. पेन्सिल थोडी फिकट झाली आहे, पण दोन्ही रेघा अजून वेगवेगळ्या ओळखता येतात.