पाच किलोची पिशवी आणि राखीव तुकडीचं विमान

इरानं मेल फॉरवर्ड केला. वर एकच ओळ होती: "आई, प्लीज कम. सही करायच्या आधी."

इरा माझी मुलगी, वय वर्षं वीस. इथेच नेदरलँड्समध्ये, ग्रोनिंगनला लॉजिस्टिक्स शिकते. हवाईदलाच्या राखीव वाहतूक तुकडीत भरती व्हायचं तिनं ठरवलं होतं. एरवी कॉलेज, महिन्यातून एखादा शनिवार-रविवार विमानात सामान चढवायचं काम, आणि गरज पडली तर पाठवतील तिथे जायचं. सोमवारी सही होती. पासपोर्ट डच, वय पूर्ण, त्यामुळे आमच्या होकाराची कायद्याला काही गरज नव्हती. गरज तिला होती. माझा नवरा मंदार म्हणाला, "तू बघून ये. मी गेलो तर तिथेच नाही म्हणेन." मी मात्र आठवडाभर फोनवर "तुझं तू बघ" एवढंच म्हणत होते.

सप्टेंबरातल्या शनिवारी सकाळी आदल्या रात्री घरी आलेली इरा आणि मी आमच्या नीउ-व्हेनेप गावाहून गाडीनं निघालो. आइंडहोवनपर्यंत दीड तास लागतो, टोल कुठेच नाही. सकाळी लवकर निघा, एवढंच सांगेन. शेतांवर पातळ धुकं होतं आणि गायी पोटापर्यंत त्यात बुडाल्या होत्या. पाय दिसतच नव्हते, नुसत्या पाठी सावकाश पुढे सरकत होत्या. कालव्यावरून एक पांढरी बोट शेताच्या मधोमध चालल्यासारखी गेली. आपण जागे आहोत की नाही, असं मला दोनदा वाटलं. इरा गाडी चालवत होती.

आइंडहोवनच्या हवाई तळावर त्या दिवशी घरच्यांसाठी कार्यक्रम होता. भरती होऊ पाहणाऱ्यांच्या नातेवाइकांना अर्धा तास विमानातून फिरवून आणणार होते. मेलमध्ये लिहिलं होतं, माणशी एक पिशवी, पाच किलोपर्यंत. आता दर दोन वर्षांनी स्किपोल विमानतळावरून मुंबईला जाणाऱ्या बाईला वजनाचं कुणी शिकवू नये. थालीपिठं, लाडू, चटणीची बाटली, चहाचा थर्मास, सगळं धरून पिशवी आठाच्या वर जात होती. मी थर्मास कोटाच्या आतल्या खिशात टाकला, लाडवांचा डबा दुसऱ्या खिशात, आणि थालीपिठांची चळत स्वेटरच्या आत पोटाशी बांधली. पिशवी बरोब्बर पाच किलो. आमच्याकडे हे प्रत्येक घरात चालतं, यात पाप आहे असं कुणाला वाटत नाही.

हँगरच्या दारात माराइके भेटली. साठीची, उंच, आठवडाभर शाळेत भूगोल शिकवणारी आणि तुकडीत लोडमास्टर, म्हणजे विमानात काय, किती आणि कुठे ठेवायचं हे ठरवणारी बाई. माझी पिशवी तिनं काट्यावर ठेवली, मान डोलावली आणि म्हणाली, "आता तुम्ही."

"मी?"

"नुसत्या पिशव्या घेऊन उडत नाही विमान. माणसंही उडतात."

फॉर्मवर माझं वजन इरानं आधीच भरून दिलं होतं. काट्यानं साडेतीन किलो जास्त दाखवलं. माराइकेनं माझ्या कोटाकडे पाहिलं. मग मी तिथेच, रांगेतल्या वीसेक डच माणसांसमोर, खिशातून थर्मास काढला, डबा काढला आणि शेवटी स्वेटरमधून थालीपिठं काढली.

"आई! सेरिअस?" इरा डचमध्ये पुटपुटली. तिचे कान लाल झाले होते.

माराइके हसली नाही. "काय आणलं त्याला माझी हरकत नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "फक्त सांगा. मी कागदावर जे लिहिते त्यावर पायलट विश्वास ठेवतो. तुम्ही मला फसवलं तर मी त्याला फसवते." तिनं नवा आकडा लिहिला, सगळं मला परत दिलं आणि मला खिडकीजवळची जागा दिली.

आत भिंतीवर तुकडीचे जुने फोटो होते. माराइके वर्गात शिकवावं तसं सांगत गेली. दुसरं महायुद्ध संपल्यावर घरी परतलेले वैमानिक आणि हमाल आपापल्या दुकानांत, शेतांत कामाला लागले, पण सवय मोडू नये म्हणून सुटीच्या दिवशी एकत्र उडायला लागले, तिथून ही तुकडी सुरू झाली. समुद्रानं बांध फोडले तेव्हा त्यांनी वाळूची पोती आणि घोंगड्या नेल्या. पुढे परदेशातल्या भूकंपांत तंबू नेले. कायमच्या दलाला माणसं कमी पडतात तिथे हे नर्स, मास्तर, बेकरीवाले गणवेश घालून उभे राहतात. तिची आई लहानपणी युद्धाच्या शेवटच्या उपासमारीत ट्युलिपचे कंद खाऊन जगली होती. एके दिवशी विमानं खाली आली आणि आभाळातून अन्नाची पोती पडली. "घरी पाव कापताना आई नेहमी वर बघायची," माराइके म्हणाली.

मला एकदम हलकं वाटलं. "म्हणजे तुम्ही मदतीचंच सामान नेता ना?" मी विचारलं.

"नाही. दारूगोळाही नेतो. जखमींना आणतो. शवपेट्याही आणतो." ती इराकडे बघून नाही, माझ्याकडे बघून बोलली. मला तिचा राग आला आणि बरंही वाटलं.

उडतानाचं काय सांगू! कानात पिवळे बोळे, त्यामुळे आवाज बाहेर कुठेतरी दूर. धुकं विरलं होतं. खाली हिरव्या चौकोनांत पाण्याच्या चकाकत्या रेघा, आणि आमची सावली एका गावावरून, चर्चवरून, कुणाच्या वाळत घातलेल्या चादरींवरून हळूच सरकत गेली. लोकांना कळलंही नसेल. इरा समोरच्या बाकावर होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. माराइके जमिनीतल्या कड्यांना पट्टे अडकवून दाखवत होती आणि इराची बोटं आपल्या मांडीवर तीच गाठ मारत होती. तिचा असा चेहरा मी फार वर्षांत पाहिला नव्हता. त्या अर्ध्या तासात मला खाली उतरूच नये असं वाटलं.

उतरल्यावर वाटाण्याचं सूप आणि पाव फुकट होता. थालीपिठं माराइकेनं तीन खाल्ली. इरानं विचारलं, "सो?"

"तुझं तू बघ."

"दॅट्स नॉट ॲन ॲन्सर, आई. यू ऑल्वेज डू धिस. नाही म्हण, बट से इट."

मी सूप ढवळत बसले.

रात्री आइंडहोवनला मैत्रिणीकडे राहिलो आणि रविवारी आर्नहेमकडे निघालो, तासाभराचा रस्ता. पुढे एडे गावाजवळ मोठं माळरान आहे. स्टेशनवर भाड्यानं सायकली मिळतात, माळावर जायला पैसे पडत नाहीत. डबा बरोबर ठेवा, तिथल्या पॅनकेकला फार वेळ रांगेत उभं राहावं लागतं. हेदरची बुटकी झुडपं फुललेली होती आणि सगळा माळ जांभळा, क्षितिजापर्यंत. महायुद्धात इथेच हजारो सैनिक हवाई छत्र्यांनी उतरले होते. आम्ही गेलो तेव्हा सरावाच्या छत्र्या उतरत होत्या. विमान दिसेनासं झालं तरी त्या वर तशाच, जणू खाली यायची कुणाला घाई नाही. जवळ बसलेल्या एका आजोबांनी थर्मासमधली कॉफी आम्हाला दिली, आम्ही त्यांना लाडू दिला.

मग जवळच ओस्टरबेकला, त्या सैनिकांच्या दफनभूमीत गेलो. एकसारखे पांढरे दगड, प्रत्येकापुढे गुलाबाचं झुडूप. शाळेतली मुलं दरवर्षी एकेका थडग्यावर फुलं ठेवतात, असं इरानं सांगितलं, तीही सहावीत असताना आली होती. मी दगडांवरची वयं वाचत गेले. एकोणीस. बावीस. वीस. त्या 'वीस'पाशी मला पुढे जाता येईना. इरा शेजारी उभी राहिली. तिनं माझा हात धरला नाही, मीही तिचा धरला नाही.

संध्याकाळी ती तिथूनच ट्रेननं ग्रोनिंगनला गेली. मी एकटीच घरी आले. मंदारनं विचारलं, "काय बोललीस?" "काही नाही," मी म्हटलं.

सोमवारी सकाळी मी स्वतःच तिला फोन केला. "इरा, मला भीती वाटते. फार. तू जाऊ नयेस असं वाटतं. आणि त्या विमानात तुझा चेहरा बघितला, तर जावंस असंही वाटतं. दोन्ही खरं आहे. जा."

 ती नाक ओढून म्हणाली, "ओके. फॉर्म ओपन आहे. एक बॉक्स राहिलाय. काही झालं तर घरी येऊन कुणाला सांगायचं. तुझं नाव की बाबांचं?"

मंदार स्वयंपाकघरात चहा गाळत होता. त्याच्या पाठीकडे मी पाहिलं.

"माझं घाल," मी म्हटलं. "आणि लिही, बेल बिघडली आहे, दार वाजवावं लागेल."

त्याच दुपारी जाऊन मी नवी बेल आणली. अजून बसवलेली नाही.