पुण्याच्या पिठाने मेलेले मासे

तुमच्या गावात आज किती जणांच्या पायाला चिंधी बांधलेली आहे, सांगू शकाल? आमच्या गावात ती कुणी मोजत नसे. चिंधी म्हणजे नारू, आणि नारू म्हणजे ज्याचं त्याचं नशीब. पायाला फोड येई, फोड फुटे, त्यातून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकावे. मग तो एका काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत बसायचं. ओढायचा नाही, कारण मध्येच तुटला तर पाय पिकतो. ऐन पेरणीच्या तोंडावर निम्मं गाव अशा काड्या सांभाळत ओट्यांवर बसलेलं असे आणि यंदा पाऊस कसा होईल याची चर्चा करी.

माझी वहिनी लग्न होऊन आली ती धडधाकट. आमच्या बारवेचं पाणी प्यायला लागली आणि पुढच्याच उन्हाळ्यात तिच्या घोट्यातून नारू निघाला. त्यानंतर दर उन्हाळ्यात. ती त्याला ‘सासरचा आहेर’ म्हणायची. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी तिचा गुडघा आखडला आणि शेतात जाणं बंद झालं. आई एकदा चुलीपाशी मला म्हणाली, “आनखी येक-दोन उन्हाळे बघू. न्हाई तर धाडू माहेरी. बसून किती दिवस खाऊ घालावं?” वहिनी दारातच भाकरीचं पीठ चाळत होती. तिने ऐकलं, आणि चाळणीवरचा हात थांबवला नाही.

मी पत्रकांवर वाढले. आमचं गाव नरसीच्या पलीकडे, निजामाच्या मुलखात. कनेरगाव नाका ओलांडला की वऱ्हाड सुरू होतं, आणि जे आमच्याकडे छापायला बंदी ते तिकडे वाशीमला उघड मिळे. मामा धान्याच्या पोत्यांतून पत्रकं आणत. शाळेत उर्दू शिकवीत, मराठी वाचायला मी त्या पत्रकांवर शिकले. दारू सोडा, सूत काता, शिवाशीव सोडा. त्यांतलंच एक नारूवर होतं. बारवेच्या पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसणारे कण उड्या मारतात, त्यांच्या पोटात नारूचं बी असतं. नारूवाला माणूस पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवतो, तेव्हा ते बी पाण्यात सुटतं. म्हणून पाण्यात पाय घालू नका, पाणी फडक्यातून गाळून प्या आणि बारवेत लहान मासे सोडा, ते हे कण खातात.

आमच्या बारवेच्या पायऱ्या उतरायला गावातल्या कितीतरी घरांना बंदी होती. त्यांच्या घागरीत वरून पाणी ओतत. नारूने भरलेल्या पायाला मात्र तिथे मज्जाव नव्हता, तो पाय वरच्या आळीतला असला की झालं. हे मी चावडीवर बोलून दाखवलं तेव्हा माणसं तंबाखू मळू लागली. मग मी मासे सोडायची गोष्ट काढली, आणि सगळ्यांना बोलायला सोपा विषय मिळाला.

“माळकऱ्याच्या गावात पान्यात मासं सोडायचं म्हनतीस, पोरी?” पाटील म्हणाले. “आन् मेले म्हंजे? नासलेलं पानी कोन पिनार, तुहं पत्रक?”

“आणि नाही मेले तर?”

“मंग आमाला दाव. वरून बारवेत वाकून काय दिसतंय. डोळ्यासमोर दिसाया पायजे.”

“काचेत ठेवून दाखवते.”

“दाव. मासं जगले आन् पान्याला वास आला न्हाई, तर पोळ्याच्या अमावस्येला बारवेत सोडाया मी सोता येतो.”

मागून कोणीतरी म्हणालं, “आन् मेले तर कालवन आमच्याकडं धाड.” माळकरीसुद्धा हसले.

काचेची पेटी पत्रेवाल्या चाचांनी केली. ते गावातल्या ट्रंका आणि कंदील करत. त्यांनी जुन्या खिडकीच्या काचा पत्र्याच्या चौकटीत बसवल्या, कोपऱ्यांना डाग दिला, फटींत जवसाच्या तेलातली लांबी भरली. डाग देताना नवसागराचा धूर झाला आणि आमच्या डोळ्यांतून पाणी आलं. “ट्रंका केल्या, कंदील केले,” ते म्हणाले. “मछलीचा घर पैली बार. अब इनसे किराया कौन वसूल करेगा, बेटी?”

भोयांनी कयाधू नदीतून बोटाएवढे मासे आणून दिले. पेटीत मावतील तेवढे बाजूला काढले. उरलेले मागच्या अंगणातल्या दगडी डोणीत, जिथे आमचे बैल पाणी पीत, तिथे टाकले आणि विसरले.

पेटी ओट्यावर ठेवली. तळाशी वाळू पसरून बारवेचं पाणी आणून ओतलं. उन्हाच्या तिरिपेत उड्या मारणारे पांढरे कण साऱ्यांना दिसले. आपण रोज हे पितो हे पाहून बायकांनी पदर तोंडाला लावला. मग मासे सोडले, आणि दुपार कलायच्या आत पाणी मोकळं झालं. माशांनी एक कण शिल्लक ठेवला नाही. मला वाटलं, जिंकलो. अमावस्येची वाट बघायची, बस.

पण आमच्याकडे माशाला रिकाम्या हाताने कोणी बघत नाही. नदीवर गेलं की कणकेच्या गोळ्या टाकायच्या, मुक्या जिवाला घास घातल्याचं पुण्य लागतं. आता नदी ओट्यावरच आली होती. लेकराचा ताप उतरावा म्हणून एक आली, गाय गाभण राहावी म्हणून दुसरी. सकाळ-संध्याकाळ पिठाच्या गोळ्या पडू लागल्या. मासे खातील तेवढं खात, उरलेलं तळाशी पांढरं साचे. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट गाव माशांवर माया करतंय म्हणून मी खूश होते.

पाणी गढूळ व्हायला लागलं तेव्हा आईने पेटी हातात घेतली. आमच्या घरी भांडं म्हणजे लख्ख भांडं. हंडा चिंचेने, तवा राखेने, आणि पाहुणा येणार असला तर दोनदा. तिने पेटी रिकामी केली, राख आणि काथ्याने काचा आतून-बाहेरून घासल्या, तळाची वाळू धुऊन वाळवली, नवं पाणी भरलं. पेटी आरशासारखी झाली. मीही तिला मदत केली. स्वच्छता पाळा, हेही पत्रकातलंच होतं.

पाणी पुन्हा बिघडलं. आम्ही पुन्हा घासली. जितकी घासू तितकं ते लवकर बिघडू लागलं. मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले, कल्ले लालबुंद झाले. मग सकाळी एक उलटा तरंगताना दिसला, दुपारी आणखी दोन. काचेवर वाकलं की गोठा झाडायच्या आधी येतो तसा वास नाकाला झोंबे.

पाटलांचा माणूस ओट्यापाशी थांबून म्हणाला, “वास काहून येनार न्हाई? नवसागर लावलाय डब्याला. त्या लोकायनं केलेला डबा, दुसरं काय हुईल?” हिंदू-मुसलमान तेढीच्या त्या दिवसांत असा टोला हलका नव्हता. रस्त्याच्या पलीकडे चाचा पत्रा कापत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण कात्री थांबली.

मी त्या माणसाला म्हटलं, “तुमच्या देवघरातला कंदील कोणी केला? त्याच्या तेलात काही सापडलं का?” तो गेला. पण उत्तर देणं वेगळं आणि मासे जगवणं वेगळं, हे मला कळत होतं. अमावस्या जवळ आली होती, पेटीत मोजके मासे उरले होते आणि तेही वर येऊन धापा टाकत होते.

वहिनी उंबऱ्यावर पाय लांब करून बसली होती. “वन्सं,” ती म्हणाली, “तुमचं जगंना, आन् माह्या पायातलं मरंना. दोघायच्या डब्यांची अदलाबदल करून बघावी काय?”

मला हसू आलं नाही. मी पाणी आणायला मागच्या अंगणात गेले. डोणीत हात घातला आणि बोटांमधून काहीतरी सुळकन् गेलं. वाकून पाहिलं. विसरलेले मासे सगळे तिथे होते. शेवाळाने हिरव्या झालेल्या त्या डोणीत, जिचा तळ कुणी कधी पाहिला नव्हता, ते ताजेतवाने फिरत होते. नदी तीच, मासे तेच, पाणीही बारवेचंच.

मी वहिनीला हात धरून आणलं. “इथे आणि तिथे फरक काय?”

तिने डोणीच्या काठावर टेकून पाहिलं. “हितं कुनी पुन्य कराया येत न्हाई,” ती म्हणाली. “आन् तुमची आई घासाया येत न्हाई.”

डोणीतलं पाणी रोज बैल जेवढं पीत, तेवढंच नवं आम्ही भरत असू. अर्धं जुनं, अर्धं नवं. कडांना हिरवा बुळबुळीत थर. उरलेल्या पिठाचा कण नाही. मी तिथल्या तिथे ठरवलं. पेटीतलं सडकं पीठ काढून टाकलं. नवं पाणी निम्मंच घातलं, घासणं बंद. डोणीतले शेवाळलेले दगड आणि मूठभर गाळ पेटीत टाकला. आई बघत राहिली. “देवाच्या कामाला उकिरडा लावतीस,” ती म्हणाली. मी म्हटलं, “आई, ही पेटी म्हणजे हंडा नाही. नदी कोण घासतं?” ती उठून हंडा घासायला बसली.

पिठाचं काम जास्त अवघड होतं. वहिनीने युक्ती काढली: पेटीशेजारी टोपली ठेवायची, पीठ टोपलीत घ्यायचं, भूक लागली की माशांना घालू असं सांगायचं आणि संध्याकाळी गायीला द्यायचं. मला ती युक्ती पटली नाही. खोटं सांगून मासे जगवायचे तर पाटलांनाही खोटंच सांगता आलं असतं. मी पेटीसमोर उभी राहिले आणि येईल तिचा हात धरला.

एक म्हातारी चिडली. “मुक्या जिवाला उपाशी ठिवतीस? असलं कसलं तुहं पत्रक?”

“आजी, त्यांचं पोट तुमच्या पिठानं भरलं तर ते नारूचं बी काहून खातील? आणि तुम्ही टाकता ते सडतं, त्या पाण्यात ते गुदमरतात. बघा त्या माशाकडे. हे पुण्य आहे का?”

म्हातारी काचेजवळ डोळे नेऊन पाहत राहिली. मग तिने हातातली गोळी स्वतःच्या तोंडात टाकली. “वाया कशाला घालवू,” ती म्हणाली आणि निघून गेली. पण आळीभर तिनेच सांगितलं, आणि माझ्यापेक्षा तिचं जास्त चाललं.

धापा टाकणारे मासे दोन-चार दिवसांत खाली उतरले. अमावस्येला पाटील आले, खरंच आले. पेटीच्या काचा हिरवट होत्या, आई लाजून आत थांबली. पाटलांनी बोट बुडवलं, नाकाला लावलं, पुन्हा बुडवलं. “डबा घान हाय,” ते म्हणाले, “पन पानी साफ हाय. हे कसं?”

“कारण आम्ही घासायचं सोडलं.”

“आन् नवसागर?”

“डबा तोच आहे. चाचांचाच.”

पाटलांनी आपल्या माणसाकडे एकदा पाहिलं आणि चाचांना हाक मारली. पेटी बारवेपर्यंत चाचांनी आणि वहिनीच्या नवऱ्याने, माझ्या दादाने, दोघांनी धरून नेली. वहिनी लंगडत मागे आली. मासे तिने सोडले, पाण्यात पाय न बुडवता.

पुढे एका विज्ञानाच्या पुस्तकात मला त्या वासाचं नाव सापडलं. अमोनिया. माशांच्या विष्ठेतून आणि सडत्या अन्नातून तो पाण्यात उतरतो आणि त्यांचे कल्ले जाळतो. दगडावरच्या बुळबुळीत थरात डोळ्याला न दिसणारे जीव राहतात, ते त्याचा निकाल लावतात. आम्ही राखेने दर वेळी त्यांनाच खरवडून टाकत होतो.

पुढच्या उन्हाळ्यात वहिनीला पुन्हा नारू निघाला. घरात तिची वळकटी बांधायची भाषा सुरू झाली. मी आईसमोर पत्रक धरलं: प्यायलेलं बी अंगात वर्षभर वाढतं, हा नारू मासे सोडायच्या आधीच्या पाण्याचा आहे. दादाने पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि म्हणाला, “येक उन्हाळा तू मागितला होता, आई. दुसरा मी मागतो.” वहिनी राहिली. त्या वर्षभरात घरातलं पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं गेलं, आणि नारूवाल्यांना बारवेत उतरू द्यायचं नाही हे चावडीवर ठरलं. बाकीच्या घरांना पायऱ्या अजून खुल्या नाहीत. ते भांडण मी सोडलेलं नाही.

या उन्हाळ्यात वहिनीच्या पायात काही निघालं नाही. निजामी संपल्याची बातमी आली तेव्हा ती शेतात निंदत होती आणि दोन्ही पायांवर उकिडवी बसली होती.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. हे पान तुम्हाला वाचता आलं, पण बारवेवर पाणी भरणाऱ्या बाईला बहुधा येणार नाही. उद्या तिथे जा, हे तिला मोठ्याने वाचून दाखवा, आणि बारवेत मासे सोडा. मग कोणी त्यांच्यासाठी कणकेची गोळी घेऊन आली, तर तिचा हात धरा.