डुक्कर की केमिकल

आमच्या हौसाच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला, तो मी बेशुद्ध पडल्यावर.

लोक म्हणतात, तिचा जीव माझ्यात अडकला होता. अडकणारच! पाच वर्षं रोज सकाळी माझ्या पोटात इन्शुलिनची सुई तीच टोचत होती. मी भिंतीकडे तोंड करून "सावकाश गं, सावकाश" म्हणायचो आणि ती म्हणायची, "झालं पण. उठा आता." ती गेली. पहिले चार दिवस सून सुनंदाने गुपचूप सुई दिली. पाचव्या दिवशी नेरळचा माझा पुतण्या दीपक भेटायला आला. (हा माणसाला भेटायला येतो आणि मोबाईलला भेटून जातो.) सुनंदाच्या हातात बाटली बघितली तसा ओरडला,

"वहिनी, थांब! काका, सुतकात हे चालतं तुमाला?"

"का रं? औषधाला कसलं सुतक?"

"औषध? डुकराच्या पोटातनं काढतात ते! हे बघा, इथं लिवलंय."

मी चौथी शिकलेला (तीही दोनदा). लिहिलेलं काही वाचता आलं नाही, पण डुकराचं चित्र बरोबर दिसलं. घरात भाजीला फोडणी बंद, आणि मी रोज सकाळी पोटात डुक्कर घेत होतो! तेही बायकोच्या सुतकात! मी सदरा खाली ओढला.

तेवढ्यात ओटीवरून हौसाचा भाऊ काशिनाथ आत आला. तो कळंबला एका रिसॉर्टवर झाडांना पाणी घालतो. मुंबईचे लोक तिथे पिऊन जे बरळतात ते ऐकून ऐकून हा निम्मा डॉक्टर झालाय.

"डुकराचं हुतं ते जुनं, भावोजी," तो म्हणाला. "ते चांगलं. नैसर्गिक! आता फॅक्टरीत बनवतात. निस्तं केमिकल. किडनी खलास!"

"मामा, डुकराचं चांगलं कसं?"

"तू गप रं! तुला डुकरातलं काय कळतं?"

झालं. एक डुकराच्या विरोधात, एक डुकराच्या बाजूने. समाचाराला आलेले लोक हौसाला विसरले आणि दोन पार्ट्यांत वाटले गेले. कुणी बाटली उन्हात धरून बघितली, कुणी वास घेतला. शेजारच्या चंद्रीने तर "मला बाय बोंबलासारखा वास येतो" म्हणून तिसरीच पार्टी काढली.

सुनंदा बिचारी म्हणाली, "मामंजी, यांना काय कळतं? मी डॉक्टरबाईंना फोन लावते."

"सुतकात फोन नको!" मी म्हणालो. (हे कुठल्या शास्त्रात आहे ते मलाही माहीत नाही. तोंडातून निघून गेलं.) मग मी घरचा कर्ता म्हणून निकाल दिला. डुकराचं असेल तर सुतकात नको. केमिकल असेल तर म्हातारपणी नको. म्हणजे सुईच नको! असा बिनडोक निकाल आमच्या गावच्या पंचांनीसुद्धा कधी दिला नसेल, आणि त्यांना तर मी चांगला ओळखतो.

दोन दिवसांत माझा घसा वाळला. हंडाभर पाणी प्यायचो आणि तेवढंच परसात सोडून यायचो. भेटायला येणाऱ्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. "बगा, रडून रडून घसा सुकला म्हाताऱ्याचा!" परसात गेलो तर म्हणायच्या, "एकांतात रडायला गेला." मीही मान खाली घालून ते मोठेपण घेतलं.

दहाव्या दिवशी सगळे नदीवर गेलो. पिंड मांडला, पाणी सोडलं. समोरच्या झाडावर सात-आठ कावळे. एकही खाली उतरेना. भटजी म्हणाले, "बाईंची काहीतरी इच्छा राहिलीय. सांगा काय ते."

काशिनाथने हात जोडले. "बाय गं, तुझी म्हस कुणाला इकू देणार नाय!" कावळा ढिम्म.

दीपक म्हणाला, "काकी, काकाला मी दर रविवारी भेटायला येईन!" हे ऐकून एक कावळा उडूनच गेला.

मग सुनंदा पुढे झाली. "आई, मामंजींची सुई चुकवणार नाय. मी रोज देईन."

दोन कावळे खालच्या फांदीवर आले. लोक श्वास रोखून उभे. तेवढ्यात मी गाढव ओरडलो, "डुकराची घेणार नाय!"

"मग केमिकलची घ्या!" दीपक.

"ती पण नाय!"

"अवो, आधी तुमचं काय ते ठरवा!" भटजी कावले. "कावळे खोळंबलेत!"

मला एका कावळ्याचे चार दिसायला लागले. मी त्यांना मोजत मोजत आडवा झालो. मला टेंपोत घातलं, सुनंदा ओरडली, "चला दवाखान्यात, सुई द्यायला!" आणि तिकडे कावळ्याने पिंडावर झडप घातली. हे मला नंतर कळलं. शिवताना बघायचं माझ्या नशिबात नव्हतं.

शुद्धीवर आलो तेव्हा हाताला सलाईन, आणि समोर डॉक्टरबाई.

"आजोबा, तुमच्या बाटलीत डुक्कर नाही. हे यीस्टकडून बनवून घेतात. पाव फुगवतात ना, त्याच जातीचं. आणि माणसाच्या अंगात जे तयार होतं तेच असतं, विष नाही. अहो, डुकराचं असतं तरी चाललं असतं! त्यावर कितीतरी माणसं जगलीत. काहीच न घेता कोण जगतं?"

मी म्हणालो, "हे आमच्या मंडळींना कुणी सांगितलं असतं तर..."

"हौसाबाईंना माहीत होतं. पहिल्याच दिवशी तुम्हाला बाहेर बसवून विचारून गेल्या. म्हणाल्या, 'बाय, यात जनावराचं काय नाय ना? म्हाताऱ्याला सुईची भीती वाटते. सोमवार, चतुर्थी, सुतक, कायपण निमित्त काढील आणि बंद करील.'"

सुनंदा खिडकीबाहेर बघायला लागली. तिचे खांदे हलत होते. रडत होती की हसत होती, मी विचारलं नाही. माझ्या स्वतःबद्दलही मला नीट सांगता आलं नसतं.

घरी आल्यावर मी जाहीर केलं, आता माझी सुई मीच घेणार. सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं, हौसाचं नाव घेतलं, डोळे घट्ट मिटले आणि टोचली. कळसुद्धा आली नाही! मी आतून ओरडलो, "बघा, घाबरतो का मी?"

डोळे उघडले तर सुई उशीत.