कुरडया आणि टॉवर

मिरजगावला एसटीत माझ्या शेजारी एक आजोबा बसले. मोबाईल तेव्हा नुकते आले होते आणि यांनी घराची गच्ची टॉवरला भाड्याने दिली होती. सांगताना ते मिशीवरून हात फिरवत होते. मग आवाज खाली आला.

"सगळ्या जगाचं बोलनं आमच्या गच्चीवरनं जातंय, पन घरात बायकू बोलंना."

तिची कुरडया वाळवायची जागाच गेली होती.

"निम्मी गच्ची परत मागाया नगरला टॉवरच्या सायबाकडं चाललोय. निघताना तेवढं बोलली, 'ह्या कुरडया सायबाला खाऊ घाला.'"

डबा उघडून त्यांनी एक मला दिली, एक स्वतः घेतली. गप्पा रंगल्या. नगरच्या स्टँडवर त्यांनी डबा हलवून पाहिला. रिकामा.

"सायबाचं बघू हो," ते म्हणाले, "पन घरी काय सांगू?"