हाजींच्या तळ्यातला मासा

तर काल आपण त्या ग्लासापाशी थांबलो होतो. एंग्कोसने स्वतःच्या डोक्यातला एक केस उपटला, वाटेच्या कडेला कुणा पोराने करून ठेवलेल्या घाणीला टेकवला, तोच केस स्वच्छ पाण्याच्या ग्लासात बुडवला आणि ग्लास हाजी सोबांदींपुढे धरला. "घ्या, प्या." शी! अजूनही सांगताना माझ्या घशाशी येतं. काल तुम्ही नेमके इथेच ताटावरून उठलात, म्हणून आज जेवणाआधीच सांगून टाकतो.

हा एंग्कोस म्हणजे तालुक्याच्या आरोग्य केंद्राचा माणूस. आम्ही त्याला संडासवालाच म्हणायचो. घराघरात संडास बांधायला लावणं हीच त्याची नोकरी. सुरुवातीला तो तक्ते घेऊन यायचा, त्यांवर जंतांची रंगीत चित्रं. आमच्या बायका बघायच्या आणि म्हणायच्या, "रंग किती गोड आहेत गं!" मग त्याला कुठेतरी शिकायला पाठवलं, आणि परत आला तो वेगळाच होऊन. माणूस कळल्याने सुधारत नाही, किळस आल्याने सुधारतो, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. एकदा तसं घेतल्यावर त्याचे डोळेच बदलले. पूर्वी त्याला वस्तीत अडाणी माणसं दिसायची, आता नुसती घाण दिसायला लागली. माशी कुठून उठली आणि कुणाच्या भातावर बसली, हे तो असं सांगायचा, जणू सोयरिकीतल्या पाहुण्याची ओळख करून देतोय. कुणाशी हात मिळवणं बंद. हाताने जेवणं बंद, खिशात रुमालात गुंडाळलेला स्वतःचा चमचा. हडकला बिचारा. पण डोंगरापलीकडच्या वस्त्यांत त्या ग्लासाने काम केलं होतं. तिथले लोक भडाभडा ओकले आणि लगेच कुदळी घेऊन खड्डे खणायला लागले.

आमच्याकडे काय झालं? हाजींनी ग्लास हातात घेतला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "वाया कशाला घालवतोस बाबा? तळ्यात ओत. मासे आहेत की."

लोक हसून हसून लोळले.

त्याची विद्या परसाकडला शेतात बसणाऱ्यांसाठी होती आणि आम्ही पडलो पाण्यावर बसणारे. घरामागे तळं, तळ्यावर बांबूचं खोपटं. हाजींचं तळं सगळ्यांत मोठं, निम्मी वस्ती त्यांच्याच खोपट्यावर चढायची. पहाटे बांबू करकरला की खाली मासे गोळा. गुबगुबीत, चकचकीत, ओठांचा चंबू वर करून वाट बघत. काही पडायची खोटी, पाणी नुसतं उसळायचं. मी त्याच माशांवर वाढलो. माशाने खाल्लं, तिथे घाण संपली, असा आमचा हिशेब. भाजीला शेण घालतातच ना? घाण आम्ही म्हणायचो ती शहरातल्या लोकांच्या संडासाच्या भांड्याला. "घरात?" माझी बायको मिन्तार्सिह एंग्कोसला म्हणाली होती. "भात शिजतो त्याच छपराखाली साठवून ठेवायचं? थू! शिकलेली माणसं इतकी गलिच्छ कशी रे?"

एवढी थुंकी झेलूनही एंग्कोस येतच राहिला. नोकरीसाठी तर खरंच, पण हाजींच्या मुलीसाठी, इरोहसाठीही. ती विहिरीवरून ओरडायची, "अहो चमचेवाले, आज कुणाकुणाची घाण बघून आलात?" हा लाल व्हायचा. शेवटी मलाच मध्ये घालून त्याने मागणी घातली. हाजी सुपारी कातरत होते, अडकित्ता थांबवून म्हणाले, "रोजे सुरू व्हायच्या आधी तळं उपसतोय. सगळी वस्ती जेवायला आहे. माझ्या तळ्यातला मासा माझ्या पंगतीत, सगळ्यांदेखत, हाताने खाऊ दे. मुलगी त्याची. नाहीतर म्हणावं ग्लास उचल आणि चालू लाग."

मी निरोप पोचवला. म्हटलं, "बाळा, खाल्लास तर पुन्हा या वस्तीत तोंड उघडायला जागा नाही. आणि नाही खाल्लास तर इरोह गेली."

त्याने खिशातला चमचा रुमालातून काढला, पुन्हा गुंडाळला. मग म्हणाला, "आकी, तुम्ही अजून खाता?" आकी म्हणजे आजोबा, मला सगळे तेच म्हणतात.

"खातो की."

"पहिला घास घेताना डोळ्यांपुढे काय येतं?"

मेल्याने विचारलं आणि ते चंबू केलेले ओठ माझ्या डोळ्यांपुढे आले ते कायमचेच. माझी जीभ त्या दिवशी बाटली.

तळं उपसायचा दिवस उजाडला. बांध फोडला, पाणी गेलं, मांडीएवढा काळा चिखल उरला. त्यात अख्खी वस्ती उतरली. एकमेकांच्या अंगावर पडताहेत, मासे पकडताहेत, तोंडात चिखल जातोय, थुंकून पुन्हा हसताहेत. वास असा की मी नाकाला फडकं लावून काठावरच उभा राहिलो. एकेकाळी मीच त्यात सगळ्यांच्या पुढे असायचो!

मग हातपाय धुऊन पंगत बसली. केळीची पानं एकाला एक जोडून लांबच लांब अंथरलेली, त्यावर वाफाळता भात, कच्चा पाला, मिरचीचा ठेचा आणि कुरकुरीत तळलेले अख्खे मासे. एंग्कोसला हाजींच्या समोर बसवलं. इरोह वाढत होती. सगळ्यांत मोठा मासा तिने त्याच्यापुढे ठेवला आणि हात पुढे केला. "चमचा द्या इकडे." त्याने मुकाट्याने रुमालासकट दिला.

पंगतीत कुणी घास उचलेना. एंग्कोसने माशाच्या पोटाकडचा तुकडा तोडला. पोटाकडचाच! ठेच्यात बुडवला, तोंडात घातला, खूप वेळ चावला, गिळला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आता ते मिरचीचं का कशाचं, अल्ला जाणे. मग दुसरा तुकडा. मग तिसरा. पंगतीत एकच आरोळी उठली आणि सगळे जेवणावर तुटून पडले.

हाजींनी मांडीवर थाप मारली. गालात घास, बोटांत पुढचा घास तयार. "खाल्लंस ना शेवटी आमच्या तळ्यातलं? आता उद्यापासून लोकांना काय सांगणार, संडासवाले जावई?"

एंग्कोसने पाचही बोटं चाटली आणि पंगतीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सांगत होतो तेच सांगणार, हाजीकाका. मी खात नाही असं मी कधी म्हणालो? आपण सगळेच एकमेकांचं खातो, असं म्हणत होतो. मासा झकास पोसलाय. तुम्ही शब्द दिलाय, इरोहचं ठरलं. आता फक्त एवढं सांगा, तुमच्या हातातला हा घास कुणाच्या घरचा?"