मागावरची बोली

भरतीच्या फॉर्मवर आधीची कामं मी लिहिलीच नाहीत. लाज वाटायची हो! कामतघरला तीन वर्षं पॉवरलूमवर सुताच्या कांड्या भरल्या, मग दोन वर्षं भाड्याची रिक्षा चालवली. यातलं पोलिसाला काय उपयोगाचं, असं वाटायचं. अक्कल तेवढीच.

शिपाई होऊन वर्षही झालं नव्हतं. पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा तेव्हा गावोगाव उठली होती. एका दुपारी फोन आला, शेलार गावात पोरं पळवणारा चोर धरलाय. हवालदार आणि मी मोटारसायकलवरून पोचलो तर ही गर्दी! मधे एक माणूस, कपाळ फुटलेलं, शर्ट फाटलेला. बाजूला चारेक वर्षांची मुलगी, एका बाईने घट्ट धरलेली.

"सायेब, पोरीला वरडून वरडून वढत व्हता," एक दांडगा गडी पुढे आला. "नाव इचारलं तं बोलत न्हाय. चोरच हाय!" त्याच्या हातात दगड होता.

हवालदारांची शिट्टी कोण ऐकतो! दुसरी गाडी यायला वेळ होता. हा माणूस आता आपल्या डोळ्यांदेखत मरणार, असंच वाटलं.

अपघाताची गर्दी मी रिक्षावर असताना पुष्कळ पाहिलेली. सगळ्यात जास्त ओरडणाऱ्याशी भांडायचं नसतं, त्याला काम द्यायचं असतं. "दादा, तुमचं ऐकतात सगळे. जरा मागे सरकवा ना यांना." दगड टाकून तो लोकांना रेटायला लागला.

जवळ गेलो तर त्या माणसाच्या केसांत, भुवयांत सुताचे पांढरे तंतू. अरे, हा तर आमच्यातला! मागाच्या खडखडाटात वर्षं काढली की कान जातात, आणि साधं बोललं तरी ऐकणाऱ्याला भांडण वाटतं. तिथे आम्ही आवाज न काढता, ओठ सावकाश हलवून बोलायचो. मी तसंच विचारलं, "बच्ची किसकी?"

त्याने छाती बडवली आणि केवढ्यांदा ओरडला, "मेरी है!"

"बघा, बघा, कसा वरडतोय!" गर्दी पुन्हा पुढे सरकली.

मी मुलीसमोर उकिडवा बसलो. तोवर ती कुणाशी चकार शब्द बोलली नव्हती. बापाकडे बोट दाखवून, आवाज न काढता विचारलं, "ये कौन?"

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. मग तिचे ओठ दोनदा मिटले, दोनदा उघडले. आवाज नाही. पापा.

घरी ती त्याच्याशी अशीच बोलत असणार.

"काय बोलली?" दांडग्या गड्याने विचारलं. मी सांगितलं. त्या बाईने हात सोडला, पोर धावली आणि बापाच्या पायांना बिलगली. तो धाय मोकलून रडायला लागला, साऱ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. या वेळी त्याला कुणी गप्प बस म्हणालं नाही.